रिकाम्या महिन्याचं रडणं

गर्भाशयाला जमीन म्हणणाऱ्या माणसांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. डॉक्टर म्हणतात, नर्स म्हणते, एकदा तर आमच्या मुख्याध्यापिकांनीही स्टाफरूममध्ये आवाज खाली आणून म्हटलं, "बी चांगलं आहे ना गं? मग जमिनीकडेच बघायला हवं." मी सहामाहीचे पेपर तपासत होते. लाल पेन तसंच हातात धरून म्हटलं, "बाई, मी कातळ नाही आणि तुम्ही कृषी अधिकारी नाही." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही बरं वाटलं, तेवढीच शांतता.

मी रत्नागिरीत एका हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नवरा मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, पंधरा दिवसांतून एकदा येतो. सासर सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे सासूबाई, थोरले दीर आणि जाऊ. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं आपल्याला बाकीचं सगळं कळलं, आणि कळलेलं काहीच नसतं.

कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाईंकडे आम्ही टेस्ट ट्यूबचे उपचार घेतले. रत्नागिरीहून उजाडायच्या आत निघायचं, आंबा घाटात मला उलटी व्हायची, मग सगळा दिवस तोंडाला कडवट चव. सुट्टीचा अर्ज करताना कारण काय लिहायचं हा दर वेळचा प्रश्न. दात, डोळे, दूरचे मामा, सगळं वापरून झालं. लॅबमध्ये तीन गर्भ तयार झाले. पाच दिवस वाढवून ते गोठवून ठेवले. तिन्ही उत्तम प्रतीचे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलांच्या प्रयोगवहीवर मीही "उत्तम" असा शेरा मारते आणि त्याला फारसा अर्थ नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तेव्हा आनंद झाला. घरी येताना आम्ही दोघांनी साखरप्याला गाडी थांबवून भजी खाल्ली.

त्यातला पहिला ठेवला, रुजला नाही. दुसरा ठेवला, रुजला नाही. 'रुजणं' हा शब्दसुद्धा मला नकोसा झालाय, पण दुसरा कुठला वापरू? 'चिकटला नाही' म्हणावं तर पोस्टाचं तिकीट वाटतं. दोन्ही वेळी सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर छान दिसत होतं. डॉक्टरबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "बघा, काय सुंदर लायनिंग आहे!" आयुष्यात मला कुणी इतक्या मनापासून सुंदर म्हटलं असेल तर ते एवढंच.

दोन्ही वेळी सासूबाईंना सांगितलं होतं. नवरा फोनवर म्हणायचा, "आई, आज ठेवलं." लगेच मला फोन. "खाली वाकू नको गो बाय. कळशी उचलू नको." आमच्या फ्लॅटमध्ये नळ आहे, कळशी आणू कुठून! पण त्या एवढ्या जीव तोडून सांगायच्या की मी हो म्हणायचे. मग दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि "नाही" म्हणून कळवायचं. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "बरा, पुढच्या वेळी." दुसऱ्या वेळी नुसतंच "बरा." आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला. माझी घटक चाचणी, त्याची स्टॉक मोजणी. रडायला वेळ काढायला हवा होता. तो कुणी काढला नाही.

तिसऱ्याला, म्हणजे शेवटच्याला, हात लावायच्या आधी डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक तपासणी करून बघू. अस्तर दिसायला छान आहे, पण आत काय चाललंय ते सोनोग्राफीत दिसत नाही. त्यातल्या जनुकांचं काम तपासू."

मला हसूच आलं. जनुकं म्हणजे माझा धडा. वाटाण्याची उंच-बुटकी झाडं, आईसारखं नाक, बापासारखं टक्कल. जनुकं म्हणजे वारसा, मिळाला तो मिळाला, असंच मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. "म्हणजे माझ्या जनुकांत दोष आहे?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या खुर्चीवरच्या नवऱ्याने माझ्या पायाला पाय लावला.

"दोष नाही हो. कुठली जनुकं आत्ता जागी आहेत, एवढाच प्रश्न आहे."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकृत्या काढत सांगितलं. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात, डोळ्यातही आणि पोटातही. फरक एवढाच की कुठे कुठली कामाला लागलीयत आणि कुठली गप्प बसलीयत. गर्भाशयाच्या अस्तरात हे दिवसागणिक बदलतं. पाळीनंतर एका हार्मोनने अस्तर जाड होतं. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येतं आणि त्याच्या हुकमावर शेकडो जनुकांचं काम पालटतं. गप्प बसलेली काही जनुकं उठतात आणि गर्भाला धरून ठेवणारी, त्याला पोसणारी प्रथिनं बनायला लागतात. चालू असलेली काही थांबतात. हे सगळं जुळून आलं की अगदी थोडा काळ अस्तर गर्भाला आत घेतं. बाकी महिनाभर ते त्याला दारात उभं करत नाही, मग तो कितीही उत्तम प्रतीचा असो. आणि काही बायकांमध्ये हा थोडा काळ जरा उशिरा येतो, काहींत जरा लवकर.

"म्हणजे आधीचे दोन चुकीच्या वेळी ठेवले?"

"असेलही. नसेलही. खरं सांगू का, या तपासणीचा उपयोग होतो की नाही यावर आमच्यातच वाद आहेत. काही डॉक्टर ती करत नाहीत. तुमचा एकच गर्भ उरलाय, म्हणून मी विचारतेय."

मला ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. खात्रीने बोलणाऱ्यांनी आम्हाला तोवर अगदी नको नको करून सोडलं होतं.

तपासणीची पद्धत अशी की एक महिना सगळं खऱ्यासारखं करायचं. त्याच गोळ्या, तीच कमरेत बसणारी तेलकट इंजेक्शनं, ज्यांच्या गाठी आठवडाभर दुखतात, तेच उपाशीपोटी जाणं. फक्त ज्या वेळी गर्भ ठेवायचा, त्या वेळी गर्भ ठेवायचा नाही. बारीक नळीने अस्तराचा कणभर तुकडा काढून लॅबला पाठवायचा. मी त्याला रिकामा महिना म्हणायला लागले. नवऱ्याला ते आवडलं नाही. "अगं, ट्रायल म्हण."

"ट्रायल ब्लाउजची असते," मी म्हटलं. "ब्लाउज उसवता तरी येतो."

तो नेहमी गप्पच बसतो. भांडायला सुद्धा माणूस घरी असावं लागतं, आणि तो पंधरा दिवसांतून एकदा असतो. ती सुट्टी भांडणात घालवणं मला परवडत नाही.

तो रिकामा महिना नेमका फाल्गुनात आला. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईचा चाकरमानी एखादे वेळी गणपतीला चुकेल, पण शिमग्याला आपल्या अंगणात पालखी आली आणि आपण नाही, हे त्याला मरेपर्यंत लागतं. तेव्हा ठरलं असं की कोल्हापूरला तपासणी करायची आणि तिथूनच परस्पर गावी जायचं. शाळेत मी परीक्षेआधीची रजा टाकली. मुख्याध्यापिकांनी सही केली आणि कपाळाला आठी घातली.

सासूबाईंना मी स्वतः फोनवर नीट सांगितलं होतं, "आई, या खेपेला ठेवायचं नाही. नुसतं तपासायचं आहे." त्या "बरा, बरा" म्हणाल्या. पण मी गावी पोचले ती गाडीत मागच्या सीटवर आडवी, पोटात कळा, नवऱ्याने हाताला धरून उतरवलेली. जावेने बॅग माझ्या हातातून काढून घेतली. मी म्हटलं, "घेते हो मी." तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "तू गप. जड उचलायचा नाय."

माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. उपाशीपोटी दवाखान्यात जायचं, पोट धरून यायचं, आडवं पडायचं, या सगळ्याचा आमच्या घरात आजवर दोन्ही वेळी एकच अर्थ झाला होता. माझ्या फोनला काय किंमत? आणि खरी गोम तर पुढेच आहे. आमच्याकडे पहिले तीन महिने कुणी बाई कबूल करत नाही. दृष्ट लागेल म्हणून पोट लपवायचं, कुणी विचारलं तर "छे, कसलं काय" म्हणायचं. त्यामुळे मी जेवढं "नाही" म्हणत गेले, तेवढं घरात "आहे" पक्कं होत गेलं. मी स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं, "आई, शपथ घेऊन सांगते, काही ठेवलेलं नाही." सासूबाई माझ्याकडे बघून इतकं समजूतदार हसल्या! "व्हय गो, नाय ठेवला. कळला माका. तू बस."

मी नवऱ्याला पडवीत गाठलं. "अरे, तू सांग. तुझं तरी ऐकतील."

तो आत जाऊन सांगून आला. बाहेर येऊन म्हणाला, "आई म्हणते, बाप्यानेही असंच म्हणायचं असतं."

कपाळ माझं!

तिसऱ्या दिवशी पालखी आली. ढोल-ताशांचा आवाज वरच्या वाडीतून उतरत अंगणापर्यंत आला. पालखी नाचवली, मग पाटावर टेकवली. घरातल्या बायकांनी देवीची ओटी भरली. मी खण-नारळ घेऊन पुढे झाले, तशी आजूबाजूची बायकामाणसं बाजूला सरून मला वाट द्यायला लागली. एकीने तर चप्पल वाटेतून उचलली, माझा पाय अडखळू नये म्हणून. मला लाज वाटली आणि राग आला, दोन्ही एकदम.

मग गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे गावचा मानकरी देवापुढे नारळ धरून घरादाराच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे हुंकार देतात. आमचे मानकरी म्हातारे, पण आवाज असा की गुरं कान टवकारतात. त्यांनी सुरू केलं. घरातल्या थोरल्याला सुखी ठेव, मुंबईला असतील त्यांची राखण कर, आंब्याला आणि भाताला बरकत दे. आणि मग आवाज आणखी चढवून, "आणि बा म्हाराजा, ह्या घरातल्या धाकट्या सुनेच्या पदरात तू जा काय घातलंस, ता सुखरूप ठेव, आणि पुढल्या शिमग्याक ता पोर तुझ्या पालखीखालून काढू, असा ही लेकरां बोलतत!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण एका आवाजात गरजलं.

मी डोक्यावर पदर घेऊन उभी. शेजारी नवरा, टोपी घातलेला, कानापर्यंत लाल. मी ओठ न हलवता म्हटलं, "आता काय करायचं?"

तो तसाच पुटपुटला, "आता काय? देवासमोर सांगू, माहिती चुकीची आहे म्हणून?"

मला हसू फुटायला आलं, आणि तितक्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं. त्या मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाल्या होत्या आणि त्यांचे हात जोडलेलेच राहिले होते. त्या देवीकडे बघत नव्हत्या, माझ्या पोटाकडे बघत होत्या. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

मला दुसरीच धास्ती होती. औषधं थांबवली की चार-पाच दिवसांत पाळी येणार, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती देवी घरात असताना आली असती तर गहजब झाला असता. पालखी पुढच्या घराकडे निघाली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी आली. जास्तच आली, रिकाम्या महिन्याचं अस्तर चांगलं जाड असतं. जावेच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले तरी मला थकवा येतो.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. वाडीतल्या बायका एकेक करून आल्या, चहा न घेता बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. एका म्हातारीने मला शेपा-ओव्याचा काढा आणून दिला, पोट साफ होतं म्हणून. मी प्रत्येकीला तेच सांगत होते, काही नव्हतं हो, काही गेलेलं नाही. त्या मान हलवत होत्या. आता माझं "नाही" त्यांना आणखीनच केविलवाणं वाटत होतं. शेवटी मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"आई, ऐका. मी शाळेत मुलांना शिकवते तसं सांगते. गर्भ दवाखान्यात आहे, गोठवलेला, सुखरूप आहे. माझ्या पोटातल्या अस्तराचा फक्त बारीक तुकडा घेतलाय, तपासायला."

त्यांनी मान वळवली. "काढून घेतलान? त्या बाईन?"

"अहो, गर्भ नाही, अस्तर."

"पण काढलान ना? मग राह्यल कसा?"

मी हात टेकले. दहावीच्या ढ मुलालाही मी सूर्यग्रहण समजावलंय, पण या बाईला जनुकं समजवायची कुठून सुरुवात करू? आणि समजावलं असतं तरी तिला काय हवं होतं? तिला नातवंड गेल्याचं दुःख करायचं होतं, आणि ते खोटं आहे असं मी तिला सांगत होते.

संध्याकाळी मागच्या अंगणात गेले तर नवरा पाण्याच्या टाकीला टेकून रडत होता. चांगला हुंदके देऊन.

"अरे, तुला तरी माहीत आहे ना? काही नव्हतं म्हणून?" मी चिडूनच बोलले.

"माहीत आहे गं." त्याने बाहीने नाक पुसलं. "पण आधीच्या दोघांचं राहिलंच होतं. सगळे बसलेत घरात, तर म्हटलं…"

मी त्याच्याजवळ उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की हे खरं नाही, हे रिकामं आहे, यावर आपण रडायचं नाही. शेवटचा अजून शिल्लक आहे. रडायचं असेल तर तेव्हा.

सासूबाईंनी त्या शिमग्याला पालखी देवळात परत चढताना पाहिली नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. जाऊ बोलवायला गेली तर म्हणाल्या, "तू जा. माझा तिच्याशी बोलणा नाय." घरापासून देऊळ दिसतं, पण त्यांनी खिडकी लावून घेतली. एका न झालेल्या गोष्टीपायी त्या म्हातारीने देवीशी बोलणं टाकलं, आणि ते मला दुरुस्त करता आलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

परीक्षा संपता संपता रिपोर्ट आला. अस्तर तयार नव्हतं. सोनोग्राफीत सुंदर दिसणारं ते अस्तर जनुकांच्या हिशेबाने अजून अर्धवट झोपेत होतं. माझ्या बाबतीत प्रोजेस्टेरॉन थोडा जास्त वेळ द्यायला हवं, मग गर्भ ठेवायचा. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "काहीतरी हाताला लागलं." मी फोन ठेवला आणि वर्गात जाऊन मुलांवर विनाकारण ओरडले. दोन गर्भ, उत्तम प्रतीचे, लवकर पोचले होते. एवढ्यावरून? काही तासांवरून? त्यांच्यात खोट नव्हती, माझ्यात नव्हती, नुसती वेळ जुळली नव्हती. लोक मला इतकी वर्षं कातळ समजत होते, आणि मी निघाले उशिरा उठणारी बाई! एकीकडे मला बरंही वाटत होतं. उशीर म्हणजे नकार नाही. उशिरावर इलाज असतो.

त्या आशेने मी उन्हाळा काढला. फार वर्षांनी आशा ठेवली आणि तिनेच मला जास्त दमवलं. ती नसती तर मी नुसती सवयीने चालत राहिले असते.

शेवटचा गर्भ दिवाळीच्या सुट्टीत ठेवायचा ठरला. या वेळी कुणाला सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं. गावी सांगितलं, मला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे आणि त्याला रजा नाही. फराळ जावेने पाठवला. कोल्हापूरला डॉक्टरबाईंनी गर्भ ठेवायची वेळ रिपोर्टप्रमाणे पुढे ढकलली, पडद्यावर अस्तर दाखवलं आणि या वेळी सुंदर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळेवर आहे." मला ते जास्त आवडलं. पडद्यावर पांढरा ठिपका सरकत आत गेला. नवऱ्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

तो मुंबईला गेला, मी रत्नागिरीला. शाळा सुरू व्हायच्या आत सासूबाई माझ्याकडे येऊन राहिल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या इथल्या दवाखान्यात ठरलेलं. दीर सोडून गेले. ऑपरेशन नीट झालं. डोळ्याला काळा चष्मा, दिवसातून पुन्हा पुन्हा थेंब घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही. आता मी त्यांना "खाली वाकू नका" म्हणायची, आणि स्वतःही वाकत नव्हते. आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत काचेचं सामान नेल्यासारख्या ताठ फिरत होतो. पडलेला चमचा उचलायला कामवालीची वाट बघायचो. सासूबाईंना त्याची गंमत वाटायची. "तुझा काय दुखता गो?" त्या विचारायच्या. मी म्हणायची, "कंबर."

मला ते दिवस आवडले, हे मला सांगायला हवं. संध्याकाळी त्या गॅलरीत बसायच्या, भाट्याच्या किनाऱ्याकडून वारा यायचा, मी वह्या तपासायची. मनात मी त्या ठिपक्याशी बोलायची, अगदी फालतू काहीतरी. आज भाजीला काय आहे, कुठल्या मुलाने प्रश्नाचं काय भलतंच उत्तर लिहिलंय. आत शेकडो जनुकं आपापल्या कामाला लागली असतील, कुठलं तरी प्रथिन त्याला धरून ठेवत असेल, असं मी आठवून आठवून मनात म्हणायची. कुणी देवाचं नाव घेतं, मी हे घेत होते.

रक्ताचा रिपोर्ट शनिवारी सकाळी मोबाइलवर आला. मी ओट्याजवळ उभी होते. नाही.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी रिपोर्ट उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "गर्भ चांगला होता. अस्तर वेळेवर होतं. सगळं बरोबर होतं. का नाही झालं, मला माहीत नाही." मी थँक यू म्हटलं. नवऱ्याला फोन लावला, तो गाडीत होता, आवाज तुटत होता, मी "नाही" एवढंच म्हटलं आणि त्याला ऐकू गेलं. सकाळची शाळा भरायला अजून वेळ होता. सासूबाईंच्या थेंबांची वेळ झाली होती.

त्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. मी त्यांचा चष्मा काढला, बाटली धरली आणि पहिला थेंब गालावर पडला. दुसराही.

"हात का हलता गो तुझा?"

"काही नाही, आई."

"काय झाला?"

मी बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न करत होते, ते बसेना. आणि मग मी सांगितलं. मुद्दाम ठरवून नाही, थकून. म्हटलं, "आई, शिमग्याला खरंच काही नव्हतं. तेव्हा तुम्ही सगळे रडलात. दिवाळीत ठेवलं होतं. शेवटचं. तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ते आत्ता गेलं."

चष्म्याशिवाय त्यांचा तो डोळा लाल आणि उघडा, माझ्याकडे लागलेला. आता "नाही" कुणी खोटं मानणार नव्हतं.

"किती होता?"

"पाच दिवसांचं होतं, ठेवलं तेव्हा. मग माझ्याकडे हे एवढे दिवस."

"ह्या घरात? मी असताना?"

"हो."

त्यांनी ओठ दाबले. मग विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणाली? कोणाचा दोष?"

"कुणाचाच नाही म्हणाली. सगळं बरोबर होतं."

त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि खाली पाटावर बसवलं, माझं डोकं आपल्या गुडघ्यावर दाबलं. "माझ्या डोळ्याक पाणी नको म्हणून सांगितलान हाय," त्या म्हणाल्या. "मी नाय रडू शकत. तू रड."

मी रडले. शाळेत फोन करायचा राहिला, तशीच रडले. त्या माझ्या केसांतून हात फिरवत, मान मागे टाकून, डोळे ताणून छताकडे बघत बसल्या होत्या, थेंब खाली येऊ नये म्हणून.